काउन्सेलर मॅडमनी लग्नात ओळखच दाखवली नाही, आता जाऊ का नको?

भुसावळची_लेक
वडील गेल्यापासून मला झोप नव्हती, म्हणून सहा महिने झाले दर शनिवारी पॅसेंजरने जळगावला जाते मॅडमकडे. घरात कोणाला माहीत नाही. त्यांच्याजवळ जे बोलले ते सख्ख्या बहिणीला पण सांगितलेलं नाही. आणि परवा चोपड्याला एका लग्नात त्या समोरच्याच पंगतीत, नजरानजर झाली आणि त्यांनी सरळ मान वळवली हो! आपल्याकडे रस्त्यात दूरचं कोणी भेटलं तरी थांबून "बरं शे ना" विचारतात. मला घास गिळवेना. आखाजीच्या सणाला सांजोऱ्या नेल्या होत्या तेव्हा पण एकच उचलली आणि डबा परत दिला. म्हणजे मी फक्त फी देणारी का? शनिवारचं कॅन्सल करावं वाटतंय.

रावेरकर_भो
ताई सोडून द्या सरळ. पैसे घेतात आणि ओळख नाही देत, याला काय अर्थ.

धुळ्याची_समुपदेशक
रावेरकर भाऊ, थांबा जरा. मी हेच काम करते म्हणून सांगते, बाहेर क्लायंट दिसला तर आपण होऊन बोलायचं नाही हे आम्हाला शिकवलेलंच असतं. तुम्ही उपचार घेता हे कोणाला कळू न देणं ही आमची जबाबदारी, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 23 त्यावरच आहे, जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा हुकूम असेल अशा वेळी गरजेपुरतंच सांगता येतं. आपल्या गावांत तर प्रत्येकजण कोणाचा तरी मावसभाऊ, त्यामुळे जास्तच जपावं लागतं. पण मॅडमनी हे पहिल्याच भेटीत सांगायला पाहिजे होतं, ती चूक त्यांची. डब्याचं म्हणाल तर एक उचलली ना, तुमचा मान ठेवला त्यांनी, मीपण तेच करते. आणि ताई, राग आला म्हणून गुपचूप बंद करू नका, तो राग त्यांच्याच समोर काढा. तुमच्यासारखी दुखावलेली माणसं मी पाहिलीत, ज्या दिवशी तोंडावर बोलली त्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडलंय की हे नातं नुसत्या मायेवर नसतं, काय साधायचं आणि कसं, यावर दोघांचं जुळलेलं असावं लागतं. ते कुठे तुटलं तर दोघांनी मिळूनच सांधायचं.

भुसावळची_लेक
जाऊन आली. ट्रेनमध्ये चारदा ठरवलं बोलायचं नाही, आणि बसल्याबरोबर रडूच आलं. सगळं बोलली. त्यांनी मध्ये एकदा पण अडवलं नाही, मग म्हणाल्या हे आधी सांगायचं राहिलं, माझं चुकलं. नंतर विचारलं, तुमच्या बाजूला कोण बसलं होतं? आत्या होती. मग त्या म्हणाल्या, मी तुमच्याशी बोलले असते तर आत्याने काय विचारलं असतं? "या कोण गं?" मी गप्पच झाली. वडील गेल्यावर आत्या महिनाभर घरी होती आणि मी तिच्यासमोर एकदा पण रडले नाही, मॅडमना हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.