थडगं नाही म्हणे, वीजकेंद्र!

काळाचहा:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल फॉरवर्ड आला: पिरॅमिडात एकही ममी सापडली नाही, म्हणजे ती थडगी नव्हेतच, वीज तयार करायची यंत्रं. उत्तर दिलं तर 'सकारात्मक राहा' म्हणून हात जोडलेले आले. म्हणून इथे ओकतोय. अहो, इजिप्तच्या खुफू राजाच्या गिझातल्या पिरॅमिडात लाल ग्रॅनाइटची शवपेटी आजही आहे. वर जाणाऱ्या वाटेपेक्षा ती किंचित रुंद आहे, म्हणजे बांधकाम चालू असतानाच आत ठेवलेली. झाकण गायब, आतला माणूस गायब. चोर काय आपल्याकडेच असतात? मेन्कौरे राजाची पेटी तर १८३८ साली इंग्लंडला नेताना जहाजासकट बुडाली. आणि उनास राजाच्या पिरॅमिडात मेलेल्या राजाला आकाशात चढवायचे मंत्र भिंती भरून कोरलेत. वीजकेंद्राच्या भिंतीवर असलं कोण लिहितं?

दक्षिणायन:
मंत्र उनासच्या भिंतीवर, आणि उनास खुफूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. खुफूच्या खोलीत असा एक मंत्र नाही. नातवाच्या पत्रिकेवरून आजोबाचं लग्न ठरवताय. वीजबीज मीही मानत नाही. पण खुफूच्या बापाने, स्नेफ्रूने, एकट्या दहशूर गावी दोन प्रचंड पिरॅमिड बांधले. एका माणसाला थडगी किती?

काळाचहा:
पहिला अर्ध्यावर आल्यावर धोका दिसला म्हणून कोन ५४ अंशांवरून ४३ वर आणला. तो दिसतोय वाकडा. मग उत्तरेला लाल पिरॅमिड पहिल्यापासूनच ४३ ने. माझ्या मामाने घराचा जिना तीनदा पाडला, तोही काय यंत्र बांधत होता?

ईशान्य_कोपरा:
थट्टा करा. एका वास्तुवाल्याने मला ४,५०० रुपयांना पितळी पिरॅमिड विकला. खाली ठेवलेलं ब्लेड धारदार राहतं म्हणे. तीन दिवसांत गाल सोलवटला.

निवृत्त_ओव्हरसियर:
हेतू राहू द्या, राबलं कोण ते बघा. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ बंदरात मेरर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी मिळाली. तुऱ्याच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला नेल्याच्या नोंदी, थेट मस्टर! मजुरांना भाकरी, बिअर. मोडलेली हाडं बसवून जुळलेली सापडलीत. मेन्कौरेच्या वेळच्या एका मजूर टोळीचं नाव काय, तर 'मेन्कौरेचे बेवडे'. गुलाम असली नावं ठेवत नाहीत. बाहत्तरच्या दुष्काळात मी पाझर तलावावर हजेरी घ्यायचो. हाताला काम मिळालं की माणूस खूष असतो. सुकडीसुद्धा द्यायचो आम्ही.

मीठभाकर:
'द्यायचो आम्ही'! माझी आजी तसल्याच कामावर खडी फोडत होती. पदरात तान्हं पोर, हाताला फडकं गुंडाळलेलं. दोन आठवड्यांची हजेरी मुकादमाने खाल्ली, वर म्हणाला अंगठा उमटला नाही. सुकडीचं कौतुक खुर्चीवरून होतं. राजाचा हुकूम आला आणि गाव सोडून गेलं, याला मराठीत वेठ म्हणतात. भाकरी दिली म्हणून वेठ सुटत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, गुलामगिरी आणि वेठ यांत फरक आहे.

मीठभाकर:
ज्याच्या पाठीवर दगड आहे त्याला विचारून सांगा.

दक्षिणायन:
धागा पिरॅमिडच्या हेतूचा आहे, रोहयोचा नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
हेतूचंच घ्या. मेरर त्या जागेला 'खुफूचं क्षितिज' म्हणतो. सूर्य जिथे मावळतो आणि जिथून उगवतो, ती जागा. राजा तिथून वर जाणार. हे खुफूच्या हयातीतलं, दोनशे वर्षांनंतरचं नाही.

दक्षिणायन:
बरं. मुकादमाच्या वहीपुढे हात टेकले. थडगं म्हणा. पण नुसतं थडगं म्हणू नका, एवढं तरी ठेवा माझं.

काळाचहा:
'नुसतं' कोण म्हणालं होतं?

निवृत्त_ओव्हरसियर:
मीठभाकर ताई, मुकादम हजेरी खायचे हे मला ठाऊक होतं. मस्टरवर खाली सही माझीच असायची. तरी वेठ आणि रोहयो एक नव्हे, हे मी म्हणणारच.