आठवी ते दहावीच्या मुलांचा आठवड्याचा वर्ग कसा चालवावा? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) आठवी ते दहावीची १४ मुलं-मुली आहेत. शब्बाथ शाळा (लहान मुलांचा बायबलचा वर्ग) सातवीला संपते आणि तरुण संघ म्हणजे कॉलेजची मुलं. मधली तीन वर्षं ही पोरं उपासनेत मागच्या बाकावर बसतात, नाहीतर येतच नाहीत. पाळकसाहेबांनी जूनपासून त्यांचा वेगळा वर्ग सुरू करायला सांगितलं आहे. शिकवायला आम्ही तिघं, दोन पुरुष आणि एक बाई. रविवारीसुद्धा ट्यूशन असते, मग वेळ कोणती धरावी? निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची, मराठी शास्त्र (बायबल) अडखळत वाचतात. आणि शिकवायचं काय? दावीद-गल्याथ, योना, बायबलच्या या सगळ्या गोष्टी ऐकून झाल्यात त्यांच्या.

संडेस्कूल_वाई

आधी प्रत्येक घरून मुलाचं शाळेचं आणि ट्यूशनचं वेळापत्रक लिहून घ्या. अंदाजानं वेळ ठरवली की जुलैत निम्मी मुलं गळतात. बहुतेक ठिकाणी शनिवारी साडेचार ते पावणेसहा जमतं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारून येतं, मुली सायकलवर घरी जायच्या असतात, म्हणून पावणेसहाच्या पुढे जाऊ नका. दिवाळीनंतर ट्यूशनच्या वेळा बदलतात, तेव्हा नोव्हेंबरात पुन्हा एकदा विचारा. एकदा ठरलं की दोनच मुलं आली तरी वर्ग घ्या. दारावर कुलूप बघून परत गेलेलं मूल पुढच्या वेळी येताना दहादा विचार करतं.

सव्वा तासात पहिली दहा मिनिटं जमण्याची, दहा मिनिटं दोन गीतं, पस्तीस मिनिटं वचन (बायबलचा उतारा), पंधरा मिनिटं लहान गटात बोलणं आणि प्रार्थना, शेवटची पाच निरोपांची. बिघडतं ते गीतांपाशी. कीबोर्ड वाजवणारा उत्साही असला की दोनाची पाच गीतं होतात आणि वचनाला पंधरा मिनिटं उरतात. एक गीत नवं ठेवा, एक ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं किंवा दुसरं जुनं भजन. जुनी चाल मोठ्यांच्या उपासनेत त्यांच्या कानावर पडते, ती गाता आली की तिथंही ती परकी राहत नाहीत.

शिकवायला मार्ककृत शुभवर्तमान घ्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक. १६ अध्याय, सगळ्यांत लहान शुभवर्तमान, वेग भरपूर. जून ते दिवाळी शनिवार अठराएक मिळतात, पण गणपती, सहामाही परीक्षा आणि पाऊस वजा जाता बारा-तेराच हाती लागतात. म्हणून बारा उतारे निवडा, शक्यतो वीस-पंचवीस ओव्यांच्या आतले. पक्षघाती माणूस (२:१-१२), वादळ (४:३५-४१), याईराची मुलगी (५:२१-४३), श्रीमंत माणूस (१०:१७-३१), बार्तीमय (१०:४६-५२), पेत्राचा नकार (१४:६६-७२) सोडू नका.

गोष्टी ऐकून झाल्यात हे खरं, पण त्या मुलांनी स्वतः वाचलेल्या नसतात. उतारा कागदावर छापून द्या, ओव्यांचे आकडे काढून, हातात पेन्सिल. कोण घाबरलंय, कोणता शब्द दोनदा आलाय, ते त्यांनाच शोधू द्या. मार्क ५ वाचताना एखादं मूल सांगतंच की याईराच्या घरी जाताना येशूला वाटेत भेटलेली बाई १२ वर्षं आजारी आहे आणि याईराची मुलगीही १२ वर्षांची आहे. मग विचारा: मुलगी मरायला टेकलेली असताना येशू वाटेत का थांबला? याईराला त्या वेळी काय वाटलं असेल? आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. पाचव्या सेकंदाला शिक्षकच उत्तर देऊन मोकळा होतो, आणि मुलं शिकतात की इथं थांबलं की उत्तर आयतं मिळतं. त्यांच्या घरीही प्रार्थना करून बरं न झालेलं माणूस असतं. तो प्रश्न त्यांच्या तोंडून बाहेर येणं हे त्या दिवसाचं मोठं काम आहे, धड्याचं तात्पर्य राहिलं तरी चालेल.

भाषेसाठी एकाच कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. मराठी भाषांतर सगळ्यांना एकच द्या, नाहीतर मोठ्यानं वाचताना शब्द जुळत नाहीत आणि लक्ष तिथंच जातं. अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत अचानक वाचायला लावू नका, गुरुवारीच ओव्या कळवा. जकातदार, परूशी (येशूच्या काळातला कर्मठ यहूदी पंथ) हे शब्द आधी समजावून सांगा. चर्चा मात्र मराठीतच होऊ द्या, घरी याच भाषेत बोलतात ती.

मिरज_तरुणसंघ

वरच्या उत्तरात सुरक्षिततेचं राहिलं. ते पहिल्या दिवसाआधी ठरवा.

खोलीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. सहा-सात मुलांमागे एक शिक्षक, मुलींच्या गटाला बाईच. तुमच्याकडे एकच ताई आहेत, त्या आजारी पडल्या की अडचण होईल, म्हणून आताच आणखी एक शोधा. मुलांशी एकेकट्यानं व्हॉट्सॲपवर बोलायचं नाही. गट करा, त्यात पालक ठेवा, रात्री नऊनंतर निरोप नाही. कुणाला एकट्यानं बोलायचंच असेल तर व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसा.

मूल म्हणालं, "कुणाला सांगणार नाही असं वचन द्या", तर ते देऊ नका. तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, हे आधीच बोला. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीच्या कमिटीत आधी मिटवू, घराण्याचं नाव जाईल, असलं काही चालत नाही. चाइल्डलाइनचा (मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा) १०९८ हा क्रमांक भिंतीवर लावा.

खाऊला भडंग पुरे. १४ जणांना अर्धा किलो चुरमुरे, पाव किलो शेंगदाणे. स्वयंपाक काढू नका, तिन्ही शिक्षक त्यातच अडकतात आणि मुलांजवळ बसायला कुणी उरत नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं की काय करायचं तेही जूनमध्येच ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या पुराचा अनुभव सांगलीला आहे. वर्ग रद्द असेल तर दुपारी दोनपर्यंत निरोप गेला पाहिजे, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी कोण जाणार त्याचं नाव लिहून ठेवा.

कृष्णाकाठ, सांगली

मनापासून आभार. अजून दोन गोष्टी. दहावीच्या मुलांचे पालक म्हणतात, वर्षभर सुट्टी द्या. आणि शाळेतली सरस्वतीपूजा, गणपतीचा प्रसाद, याबद्दल मुलं विचारतात, तेव्हा काय सांगावं? वर्गमित्रांना वर्गाला आणू का, असंही एक-दोघांनी विचारलंय.

संडेस्कूल_वाई

दहावीला सुट्टी देऊ नका, वर्ग छोटा करा. नोव्हेंबरपासून त्यांना रविवारी उपासनेनंतर चाळीस मिनिटं वेगळं बसवा: एक स्तोत्र, प्रार्थना, संपलं. तयारी नाही, पाठांतर नाही. वर्षभर तुटलेलं मूल जूनमध्ये अकरावीला कोल्हापूर-पुण्याला जातं आणि मग त्याचा पत्ताच राहत नाही. जाणाऱ्या मुलाचं नाव तिथल्या पाळकांना आधी कळवा.

फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेआधी प्रार्थना करताना शब्द जपून वापरा. "प्रार्थना केली की मार्क पडतात" असं मुलाच्या मनात बसलं आणि गणितात कमी पडले, तर त्याला वाटतं देवानं टाकलं. शांत मन, प्रामाणिक अभ्यास, कॉपीचा मोह टाळणं, निकाल काहीही लागला तरी देव सोबत असणं, एवढंच मागा. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे, म्हणजे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाबद्दल (देवानं जग निर्माण केलं) प्रश्न जुलैतच येणार. तो उडवून लावू नका. विश्वासणाऱ्यांमध्ये यावर मतं वेगवेगळी आहेत हे सरळ सांगा आणि एक पूर्ण शनिवार पाळकसाहेबांना बोलवा.

प्रसादाबद्दल १ करिंथ (पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र) ८ आणि १०:१४-३३ एकत्र वाचून घ्या. पौल तिथं मूर्तिपूजेपासून दूर राहायलाही सांगतो आणि दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करायलाही. घराघरांत यावर वेगळी शिस्त असते, त्यामुळे आईवडिलांच्या विरुद्ध फर्मान काढू नका. मुलाला हवं असतं ते शाळेत म्हणता येईल असं एक वाक्य: "मला नको, पण थँक्यू." मित्राच्या देवाची टिंगल मात्र एकदाही खपवून घेऊ नका. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, संविधानाचं कलम २८(३) तेच सांगतं. ते मिशनच्या शाळांनाही तितकंच लागू आहे. अडचण आली तर पालकांनी मुख्याध्यापकांना शांतपणे भेटावं, मुलाला पुढे करू नये.

मिरज_तरुणसंघ

वर्गमित्रांबद्दल: घरच्यांना माहीत नसताना कुणालाही बसवू नका, मूल स्वतःहून आलं तरी. आधी आईवडिलांना भेटा, इथं बायबल वाचतो आणि प्रार्थना करतो हे स्पष्ट सांगा, लेखी संमती घ्या. भेटवस्तू, फीची मदत, वह्या, यातलं काहीही वर्गाला येण्याशी जोडू नका. संमतीच्या कागदावर मुलाचं नाव, वर्गाची वेळ, तिथं काय होतं, घरी कोण सोडणार, पालकांचा फोन आणि दोन्ही पालकांची सही. हाच कागद तुमच्या १४ मुलांसाठीही भरून घ्या.