हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम आणि उंचीची भीती

बी-४०३ : सर्वांना नमस्कार. डिसेंबरमध्ये सोसायटीतर्फे हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाण्याचे ठरत आहे आणि माझ्या दोन्ही मुलांनी नावे दिली आहेत. मला मात्र आमच्याच गॅलरीच्या कठड्याशी उभे राहिले तरी तळपायांना घाम सुटतो आणि गुडघ्यांतले बळ जाते. दिवसा चढून-उतरून येणे कदाचित जमेल, पण अख्खी रात्र तेवढ्या उंचीवर काढायची या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. मी यावे की नाही, हे जाणकारांनी भीड न बाळगता सांगावे.

ए-२०१ : ताई, मलाही हीच भीती तरुणपणापासून आहे आणि तरीही मी या गडावर तीन वेळा मुक्काम केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गडाची उंची सुमारे १,४२० मीटर आहे, हे खरे. पण आपल्याला भीती वाटते ती उंचीच्या आकड्याची नसून समोर उघड्या पडलेल्या कड्याची असते. शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि पाय व सांधे यांच्याकडून येणाऱ्या जाणिवांवर सांभाळला जातो. नजरेसमोर जवळ स्थिर असे काही उरले नाही की स्वतःचे बारीकसे झुलणे डोळ्यांना कळत नाही, ते वाढत जाते आणि घेरी आल्यासारखे वाटते. खाली बसल्यावर किंवा जवळच्या खडकावर नजर ठेवल्यावर बरे वाटते, ते याच कारणाने.

आता मुक्कामाची जागा पाहा. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि त्याच्या आसपासच्या गुहा तारामती शिखराच्या पायथ्याशी एका खोलगट भागात आहेत. तिथे चहूबाजूंनी जमीन वर चढत गेलेली दिसते, खाली कोसळणारी दरी दिसत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेत दोनदा परत फिरण्याचा विचार केला होता. मात्र मंदिराच्या अंगणात टेकल्यावर आपण डोंगरमाथ्यावर आहोत याचा मला जवळजवळ विसर पडला आणि रात्री शांत झोप लागली. माझ्या मते, आपल्यासारख्यांना एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा मुक्कामच मानवतो, कारण अंधार पडण्याआधी उतरण्याची घाई राहत नाही आणि भीतीत भर घालते ती घाईच.

सी-१०२ : आम्ही खिरेश्वरहून जाण्याचे योजले होते. ते चालेल का?

ए-२०१ : माझा त्याला आग्रहाचा विरोध आहे. त्या वाटेवर टोलार खिंडीच्या पुढे उघड्या कातळाचा टप्पा लागतो. रेलिंग असले तरी तो ताईंना जड जाईल. अकोले तालुक्यातील पाचनईहून जावे. त्या वाटेवरही एका ठिकाणी कड्याच्या पोटातून आडवे चालावे लागते, पण तिथे एका अंगाला कातळाची भिंत सोबतीला असते, तिच्याकडे नजर ठेवून सावकाश गेल्यास निभते. गड अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे मुक्कामाबाबत वन विभागाचे सध्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

बी-४०३ : काका, मनापासून आभार. सगळे जण सूर्यास्ताला कोकणकड्यावर जातील, तेव्हा मी काय करावे?

ए-२०१ : मंदिरापासून कडा चालत साधारण अर्ध्या तासावर आहे. तो नुसता उभा नसून आत वळलेला आहे, त्यामुळे काठावरून खाली पाहताना पायाखाली आधारच नसल्यासारखे वाटते. काठापासून बरेच मागे बसूनही कोकणात उतरणारा सूर्य दिसतो, तेवढे पुरेसे आहे. त्याच कड्यावरून ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, पाहिल्याचे सांगतात. ज्यांना काठाशी जायचे असेल त्यांनीही पालथे झोपूनच डोकावावे आणि कोणीही कोणाला ‘थोडे पुढे या’ असे म्हणू नये, एवढी विनंती मी सर्वांनाच करतो. जावेसे वाटले नाही तर मी आपल्यासोबत केदारेश्वराच्या गुहेपाशी थांबेन. गार पाण्याने वेढलेली ती पिंड पाहण्यासारखी आहे.

सी-१०२ : पाचनईचा मार्ग निश्चित करतो. तंबू मंदिराजवळच लावू, कड्यावर एकही लावणार नाही. रात्री कोणीही एकट्याने तंबूबाहेर पडायचे नाही आणि प्रत्येकाने स्वतःची बॅटरी आणायची.

बी-४०३ : मग माझेही नाव लिहावे. कड्याचे तिथे गेल्यावर ठरवीन.