बाळंतपणानंतर थायरॉइड वाढला: गोळी लगेच सुरू करायची का?

निंबोणी:
बाळंतपणानंतर चौथा महिना. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हॉर्मोन, थायरॉइड वाढला की हे घटतं) ०.०२, फ्री टी४ (थायरॉइडचं हॉर्मोन) थोडं वाढलेलं, धडधड, वजन उतरतंय. एक डॉक्टर कार्बिमाझोल (थायरॉइड कमी करणारी गोळी) द्या म्हणतात, दुसरे म्हणतात थांबून बघू. रिपोर्ट एकच, मग सल्ल्यात एवढा फरक का?

दगडफूल:
कारण रिपोर्ट फक्त रक्तात हॉर्मोन जास्त आहे एवढंच सांगतो. ग्रंथी ते जास्त बनवतेय की तिच्यातला तयार साठा बाहेर सांडतोय, ते त्यातून कळत नाही.

ग्रेव्हज नावाच्या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी टीएसएचच्या रिसेप्टरला (पेशीवर टीएसएच बसतं त्या जागेला) चिकटून ग्रंथीला सतत कामाला लावतात. बाळंतपणानंतरच्या थायरॉइडायटिसमध्ये ग्रंथीला सूज येते, पेशी फुटतात आणि साठा रक्तात उतरतो. कार्बिमाझोल नवं हॉर्मोन बनणं रोखतं, सांडलेल्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिथे धडधडीपुरतं ठोके मंदावणारं प्रोप्रॅनोलॉल पुरतं, तेही दमा नसेल तर आणि डॉक्टरांना विचारूनच.

साठा संपला की बऱ्याच जणींचा थायरॉइड उलट कमी होतो. तेव्हा आधीच्या रिपोर्टवर कार्बिमाझोल चालू राहिलं तर घसरण आणखी वाढते. वर्षभरात बहुतेकींचं पूर्ववत होतं. अँटि-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर पुढे कायमचा हायपो (थायरॉइड कमी) होण्याची शक्यता जास्त, म्हणून नंतरही वर्षातून एकदा टीएसएच बघावा.

परीक्षानळी:
एक अगदी साधी गोष्ट आधी तपासा: केस गळतात म्हणून बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) चालू आहे का? ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्यांमुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी३, टी४ खोटे जास्त येतात. काही पद्धतींत ग्रेव्हजची टीआरएबी चाचणीही (रिसेप्टरला चिकटणाऱ्या त्याच अँटिबॉडीची) खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणजे कागदावर अगदी हुबेहूब ग्रेव्हज! तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद हवं. डोस मोठा असेल तर जास्त दिवस, लॅबला विचारून.

निंबोणी:
बायोटिन चालू आहे, १० मिलिग्रॅम. पण धडधड तर खरी आहे ना?

परीक्षानळी:
खरी असू शकते. जागरण आणि कमी हिमोग्लोबिननेही धडधडतं, सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) करून घ्या. बायोटिन थांबवून टीएसएच, फ्री टी४, टी३ पुन्हा करा, सोबत टीआरएबी. टीआरएबी पॉझिटिव्ह आला किंवा डोळे पुढे आल्यासारखे दिसत असतील तर ग्रेव्हज धरून चाला. किरणोत्सारी द्रव्य (रेडिओआयोडीन किंवा टेक्नेशियम) देऊन केलेल्या स्कॅनमध्ये ग्रेव्हजची ग्रंथी ते भरपूर शोषते, थायरॉइडायटिसची जवळजवळ नाही. पण बाळ अंगावर पीत असेल तर रेडिओआयोडीन नकोच. टेक्नेशियम असेल तर दूध किती वेळ काढून टाकायचं ते आधी विचारा.

दगडफूल:
चालू औषधांची यादीही दाखवा. लिथियम ग्रंथीतून हॉर्मोन बाहेर पडू देत नाही, त्याने सहसा हायपो होतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडेरोन मात्र थायरॉइड वाढवूही शकतं, घटवूही शकतं, कारण त्यात आयोडीन फार असतं. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन, आणि प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम (अंगावर पाजताना २५०). समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचाही हाच घोळ.

थायरॉइडायटिस ठरलं तर दर ४ ते ६ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४. ग्रेव्हज ठरून कार्बिमाझोल सुरू झालं, तर ताप किंवा घसा दुखायला लागताच गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करा, कारण पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात.