‘पायर’मधले सामने काढून टाकले तर उरेल काय?

वाटसरू : ‘पायर’ या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : गोष्ट अप्रतिम आहे, पण मध्येमध्ये तो गोळ्याचा खेळ कशाला? मला हे अजिबात पटत नाही. सुपरजायंट गेम्सने 2017 साली काढलेल्या या गेमचा जीवच त्या सामन्यांत आहे.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉमनवेल्थ नावाच्या राज्यात वाचता येणं हा गुन्हा. तेवढ्यावरून तुम्ही हद्दपार होता आणि ‘डाउनसाइड’ नावाच्या ओसाड मुलखात येऊन पडता. तिथे हद्दपारांचे संघ ‘राइट्स’ खेळतात. तिघांविरुद्ध तिघे, मध्ये एकच गोळा, तो समोरच्यांच्या अग्निकुंडात घालायचा. एका वेळी संघातला एकच गडी हलतो. प्रत्येकाभोवती तेजोवलय असतं, प्रतिस्पर्ध्याला ते लागलं की तो काही वेळ बाद. गोळा हातात घेतला की मात्र तुमचं स्वतःचं वलय जातं. आणि गोळ्यासकट कुंडात उडी घेणारा गडी पुढच्या डावात बाहेर बसतो. असा प्रत्येक गोल संघातला एक माणूस कमी करतो.

पुढे मुक्तीचे सामने येतात. जिंकलात तर तुमच्यातल्या एकाची सुटका होते आणि तो कायमचा निघून जातो. कोण, ते तुम्ही ठरवायचं. त्यासाठी पुरेसा अनुभव लागतो, म्हणजे ज्याला सतत मैदानात उतरवलं तोच सहसा पात्र ठरतो. मी माझ्या संघातल्या जोडारिएलला पाठवलं. धिप्पाड, संथ, तिच्या वलयाच्या भिंतीमागे बाकीचे निर्धास्त असायचे. पुढच्या सामन्यात गोळा उचलला आणि मागे ती भिंत नव्हती. निरोपाचा प्रसंग नुसता वाचून ही पोकळी मला कळली नसती.

अर्धविराम : भिंतीचं पटलं, पण तुम्ही खेळात मुरलेले आहात म्हणून ते तुमच्यापर्यंत पोचलं. मी या गेमकडे आले ती वाचायला. पात्रं, चित्रं, डॅरेन कॉर्बचं संगीत, सगळं आवडलं. पण माझी बोटं तेवढी चपळ नाहीत. जे संवाद मला मनापासून हवे होते, त्यांच्या आधी दर वेळी तीच धावपळ. मैदानं बदलतात, संघ बदलतात, करायचं मात्र तेच. उत्तरार्धात मी सामना संपायची वाट बघत होते. बरं, हरलं तरी कथा पुढे जातेच. मग जिंकायची तळमळ कुठून आणायची?

वाटसरू : हरलं तरी कथा पुढे जाते, यातच तर सगळं आहे! मुक्तीचा सामना हरलात तर समोरच्या संघातला माणूस सुटतो. त्यांचीही शिक्षा आहे, त्यांचंही घर आहे. मी एक सामना खरोखर हरलो आणि पुन्हा खेळलो नाही. ज्याला वचन दिलं होतं तो मुकाट्याने आमच्या संघाच्या गाडीत येऊन बसला. बहुतेक गेममध्ये हार म्हणजे मागे जाऊन पुन्हा प्रयत्न. इथे ती हार गोष्टीतच राहते. ‘बोटं चपळ नाहीत’ म्हणता, तर काठिण्य कमी करता येतं, ते करून बघा. हरण्याला तिथे लाज नाही.

तिसरापंच : मला दोघांचंही पटत नाही. मी खेळवेडा आहे, आणि खेळ म्हणूनच हा कमी पडतो. ऑनलाइन सामने नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाशी खेळा, नाहीतर संगणकाशी. एवढे घोटीव नियम, छोटा रुकी सुसाट, जोडारिएल जड पण कुंडाला जबर धक्का देणारी, असे वेगवेगळे गडी. आणि भिडायला अनोळखी माणूस नाही. खेळ प्रतिस्पर्ध्यावर जगतो. शिवाय हातात बसलेला गडी घालवायचा म्हणजे चांगलं खेळल्याची शिक्षाच.

वाटसरू : ऑनलाइनचं मान्य, ती उणीव आहेच. शिक्षेचं नाही. ज्याला सोडवायचं म्हणून एवढे सामने जिंकलो, तो सुटला तर ती शिक्षा कशी?

अर्धविराम : हे वाचून एक सांगावंसं वाटलं. मुक्तीचे सामने मोजकेच असतात, तरी माझ्या संघातल्या हेडविनला मी दर वेळी मागे ठेवलं. त्याच्यावाचून गाडी सुनी वाटली असती, एवढंच कारण. शेवटी त्याची सुटका राहूनच गेली. सामने मला अजूनही आवडत नाहीत. पण त्याचं वाईट वाटतं, आणि तो निर्णय माझाच होता.