मेटचा 'बार्बर ऑफ सेव्हिल' थिएटरात लागलाय, बाबांना नेऊ का?

खडीसाखर
आई-बाबा सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत आहेत. न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) ऑपेराच्या 'बार्बर'चं, म्हणजे रॉसिनीच्या विनोदी ऑपेराचं, शनिवारचं लाइव्ह प्रक्षेपण हुकलं, बुधवारी संध्याकाळी जवळच्या सिनेमा थिएटरात तेच पुन्हा दाखवणार आहेत. बाबा कट्टर संगीत नाटकवाले. ऑपेरा म्हणजे 'किंचाळणं' असं त्यांचं ठाम मत. गाणं इटालियन, खाली इंग्रजी सबटायटल्स, आणि मध्यंतर धरून तीन तासांच्या वर. न्यावं का?

सूरपेटी
बिनधास्त न्या. संगीत नाटकवाल्याला पहिला ऑपेरा दाखवायचा तर हाच. गोष्ट ओळखीची वाटेल: म्हातारा डॉक्टर बार्तोलो, त्याच्या ताब्यातली तरुण रोझिना, आणि तिच्या हुंड्यासकट तिच्याशीच लग्न लावायचा त्याचा बेत. 'शारदा' पाहिलेल्या माणसाला भुजंगनाथ लगेच आठवेल. फरक एवढाच की इथली पोरगी रडत बसत नाही. 'उना वोचे पोको फा' गाताना ती आधी गरीब गायीसारखी बोलते आणि मग 'पण मला डिवचलंत तर नागीण होईन' म्हणून दम देते. पडद्यावर क्लोजअपमध्ये तिचे डोळे बघा, न्यूयॉर्कमध्ये वरच्या बाल्कनीत बसून ते दिसत नाहीत.

बाबांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. मेटमध्ये जवळपास ३,८०० माणसं बसतात आणि गायक माइकशिवाय गातात. माइक असतात ते प्रक्षेपणासाठी. 'किंचाळणं' कशासाठी, ते आपोआप कळेल.

नदीकाठ
मी जरा वेगळं सांगते. पहिला अंक दीड तासाचा आहे आणि सवय नसेल तर रेचितातीव कंटाळवाणं होतं. म्हणजे हार्प्सिकॉर्डच्या साथीवर संवाद गातात ते. मेटनेच २००६ साली मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'ची छोटी इंग्रजी आवृत्ती केली होती, थिएटरांतल्या प्रक्षेपणांची सुरुवात तिनेच झाली. आधी घरी ती दाखवा.

सूरपेटी
@नदीकाठ, ती मुलांसाठी छान आहे. पण बाबांना त्यातले पोशाख आणि बाहुल्या बघायच्या नाहीत, गाणं ऐकायचंय.

आळशी_उंट
पहिल्याच प्रयोगाला (रोम, २० फेब्रुवारी १८१६) प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. पैसिएल्लो या आधीच्या संगीतकाराचा याच गोष्टीवरचा जुना ऑपेरा लोकांचा लाडका, त्यात हा चोवीशीही न गाठलेला रॉसिनी! चालू प्रयोगात रंगमंचावर मांजर आलं म्हणतात. दुसऱ्या रात्री मात्र तोच ऑपेरा डोक्यावर घेतला.

खडीसाखर
मांजर 😄 हे बाबांना सांगणारच. पण सबटायटल्सचं काय? ती भराभर पळाली की ते वैतागतात.

सूरपेटी
गाडीतच मराठीत अख्खी गोष्ट सांगून टाका. रोझिनावर भाळलेला काउंट अल्माविव्हा आधी गरीब विद्यार्थी बनतो, मग झिंगलेला शिपाई, मग गाण्याच्या मास्तरचा शागीर्द. ही तीन सोंगं लक्षात राहिली की वाचायची फारशी गरज नाही, कारण एकच ओळ दहादा येते. बाझिलिओच्या (तोच गाण्याचा मास्तर) 'ला कालून्निया' या गाण्यात तर शब्दही नकोत. अफवा कशी कुजबुजीपासून तोफेच्या धडाक्यापर्यंत वाढते ते वाद्यंच सांगतात.

आणि दुसऱ्या अंकातल्या रोझिनाच्या गाण्याच्या शिकवणीच्या प्रवेशाकडे त्यांचं लक्ष वेधा. पूर्वी पॅटी, मेल्बा वगैरे गायिका तिथे रॉसिनीचं पद बाजूला ठेवून आपलं आवडतं गाणं घुसवायच्या आणि लोक टाळ्या पिटायचे. आपल्याकडच्या वन्समोअरवर वाढलेल्या माणसाला यात काहीच गैर वाटणार नाही!

नदीकाठ
बरं, जा. मध्यंतरात लगेच उठू नका, विंगेत गायकांच्या मुलाखती घेतात. नुकताच गाऊन आलेला माणूस धापा टाकत बोलतो, मला तो भाग फार आवडतो. सीट कडेची घ्या आणि आईंसाठी शाल ठेवा, एसी भयंकर असतो.

खडीसाखर
तीन तिकिटं काढली, कडेची. बाबा विचारतायत तबला कोण वाजवणार.