विषय: पुढच्या उन्हाळ्यातील लग्न आणि आईला लंडन दाखवण्याविषयी

प्रेषक: एक सभासद, रेडिंग

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि ते 2026 च्या उन्हाळ्यात इथेच, लंडनच्या आसपास करावे, असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले आहे. जावई नोकरीच्या व्हिसावर इथे आहेत. त्यांचे आईवडील नाशिकहून आणि माझी आई सांगलीहून येणार आहे. आईचे वय 79 असून हा तिचा पहिलाच परदेश प्रवास आहे.

पंचांग पाहिले, तर 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ आहे आणि 25 जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे तिथून चातुर्मास. मधल्या साडेपाच आठवड्यांत मुहूर्त, हॉल, गुरुजी आणि पाहुण्यांच्या रजा यांचा मेळ घालायचा आहे. शिवाय शाळांची सुट्टी लागते ती तो काळ संपता संपता. ज्यांनी अलीकडे घरचे कार्य इथे केले आहे, त्यांनी कोणते काम आधी हाती घ्यावे ते कृपया सांगावे. दुसरा प्रश्न आईचा. लग्न पार पडले की निवांतपणे तिला फिरवू, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. ते मलाही पटते, पण आईची दमछाक होईल का, अशी शंका मनात आहे.

आपला नम्र,
वधूपिता

---

प्रेषक: एक सभासद, हॅरो

सप्रेम नमस्कार, आणि मनापासून अभिनंदन.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण माझ्या मते महत्त्वाचा तोच आहे. 2011 मध्ये मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी मीही नेमके आपल्या पत्नींसारखेच म्हटले होते. माझे वडील कोल्हापूरहून आले होते. लग्नाआधीचे पाच आठवडे त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत पत्रिकांवर पत्ते लिहिण्यात घालवले, आणि लग्नानंतर परतीच्या विमानाला जे नऊ दिवस उरले, त्यांतले चार इतर पाहुण्यांना विमानतळावर पोहोचवण्यात गेले. लोकमान्य टिळक राहिले होते ते घर पाहण्याची त्यांची एकच इच्छा होती. तिथे जायला आमच्या घरापासून एक तासही लागत नाही. ते राहून गेले, आणि वडील पुन्हा येऊ शकले नाहीत.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलाच्या लग्नासाठी सासूबाई आल्या, तेव्हा हॉलची तारीख जितक्या पक्केपणाने लिहितात तितक्याच पक्केपणाने आम्ही कॅलेंडरवर त्यांच्या फिरण्याचे दिवस लिहून ठेवले, तेही लग्नाच्या आधीचे. आठवड्यातून दोन दिवस, त्या दिवशी एकच ठिकाण, आणि दुपारी चारच्या आत घरी परत. कापडचोपड, हॉलवाल्यांचे फोन, गुरुजींची यादी यांपैकी काहीही त्या दिवसांत शिरू द्यायचे नाही, हा नियम मुलांनीही पाळला.

पहिल्याच आठवड्यात आम्ही वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनावर उतरून हौली प्लेसला गेलो. 10 क्रमांकाच्या घरावर 1961 पासून निळी पाटी आहे. लोकमान्य 1918–1919 मध्ये तिथे राहिले, असे तिच्यावर लिहिले आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते आणि तो खटला ते हरले, हे सासूबाईंना शाळेपासून पाठ होते. घर खाजगी असल्यामुळे रस्त्यावरूनच पाहावे लागते. सासूबाईंनी फुटपाथवरच सपाता काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि मग पाटीवरचा एकेक इंग्रजी शब्द बोटाने हवेत गिरवत वाचला. मला त्या वेळी वडिलांची फार आठवण झाली. परत येताना जवळच्या कालव्याच्या काठी अर्धा तास बसलो, कारण त्यांना तिथल्या रंगीत होड्यांत लोक खरोखरच संसार करतात हे पाहायचे होते.

किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घरही आवर्जून दाखवावे. डॉ. आंबेडकर 1921–22 मध्ये तिथे राहून शिकत होते, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तिथून प्रिमरोझ हिलचा हिरवा उतार हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या बाकावरून सगळे शहर दिसते. हायगेटचे 65 क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे सावरकर राहत होते ते इंडिया हाऊस, आम्ही गाडीनेच केले, कारण तिथली चढण 83 वर्षांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात पाम हाऊस या काचघराचे दार उघडताच दमट हवेने सासूबाईंच्या चष्म्यावर वाफ धरली आणि त्या म्हणाल्या, “अगं, हे तर कोकणात आल्यासारखं झालं.” नंतर तासभर त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. घडीचे एक हलके स्टूल मात्र नेहमी सोबत ठेवा. त्याने आमचा उन्हाळा तारला.

एक गोष्ट आम्हांला सुचायला वेळ लागला. जूनअखेर इथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, आणि सासूबाई दिवेलागण झाल्याशिवाय जेवत नसत. पहिले काही दिवस त्या उपाशीपोटी खिडकीपाशी उजेड सरण्याची वाट पाहत बसल्या. शेवटी भारतातल्या घड्याळाप्रमाणे दिवा लावायचा, म्हणजे इथल्या दुपारी अडीच-तीनलाच, अशी तोड त्यांनीच काढली.

केळवणांचेही असेच. मंडळातली जिव्हाळ्याची आठ घरे केळवणासाठी मागे लागली, आणि प्रत्येक शनिवार-रविवार दुसऱ्याच्या घरी जेवण्यात जाणार हे दिसू लागले. मग आम्ही सर्वांना विनंती केली की केळवण एकत्र आणि उद्यानात करू या. चटईवर पाट ठेवून, पाटाभोवती रांगोळी घालून मुलाला ओवाळले. त्या एका दुपारी आठांपैकी पाच केळवणे झाली आणि सासूबाईंची सर्वांशी ओळखही झाली.

आता कामांच्या क्रमाविषयी. कायदेशीर नोंदणी सर्वांत आधी मार्गी लावावी. हॉलमध्ये गुरुजींनी लावलेले लग्न इंग्लंडच्या कायद्याने आपोआप लग्न ठरत नाही. नोंदणी वेगळी करावी लागते. त्यासाठी वधूवरांनी नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन लग्नाची नोटीस द्यायची असते आणि नंतर पूर्ण 28 दिवस जावे लागतात. जावई व्हिसावर असल्यामुळे दोघांना एकत्रच जावे लागेल, आणि 28 दिवसांची मुदत 70 दिवसांपर्यंत वाढवली जाऊ शकते, हे धरूनच चाला. नोटिशीत नोंदणीचे ठिकाण लिहावे लागते. ठिकाण बदलले तर नोटीस नव्याने द्यावी लागते. ती वर्षभर चालते, त्यामुळे लवकर देण्यात काहीही तोटा नाही. नोंदणीच्या समारंभात धार्मिक काही म्हणता येत नाही, म्हणून मंगलाष्टकांचा विचार तिथे करू नये. आम्ही लग्नाच्या आठवड्यातल्या मंगळवारी घरच्या दहा माणसांत नोंदणी केली आणि शनिवारी अंतरपाट धरला.

त्या मंगळवारचे एक सांगते. सह्या करण्याआधी अधिकाऱ्यांनी कागद पुढे करून सर्व नावांची अक्षरे तपासायला सांगितली, आणि मुलाच्या रकान्यात वडिलांच्या नावाखाली माझे नाव आणि माझा व्यवसाय छापलेला मी पाहिला. 1837 पासून इथल्या नोंदीत फक्त वडिलांचे नाव असे. आईचे नाव 4 मे 2021 पासून येऊ लागले. मुलीच्या 2011 च्या दाखल्यावर केवळ माझ्या यजमानांचे नाव आहे. सासूबाईंनी तो कागद हातात मागून घेतला, आणि त्या माझ्या नावावरून अंगठा फिरवत राहिल्या. आपल्या पत्नींना हे अवश्य सांगा.

होमाची परवानगी मात्र लेखी घ्या. आम्हांला हॉलवाल्यांनी तोंडी होकार दिला होता आणि लग्नाला बारा दिवस उरले असताना आत अग्नी चालणार नाही असे कळवले. शेवटी लाजाहोम आणि सप्तपदी मागच्या अंगणात मांडव घालून केली. पाऊस आला नाही, ही देवाची कृपा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. पाहुण्यांना तूप, पेढे, खव्याचे पदार्थ आणू नका असे आत्ताच कळवा. दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे.

आपली,
एक वरमाई

---

प्रेषक: एक सभासद, रेडिंग

सादर नमस्कार.

आपले पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. आईच्या नावाचा परिच्छेद पत्नीने दोनदा वाचायला लावला. जावई आणि मुलगी यांनी नोटिशीसाठी जानेवारीतली वेळ मागितली आहे आणि गुरुजींना जूनच्या शेवटच्या आठवड्यातले मुहूर्त पाहायला सांगितले आहे. हॉलवाल्यांना होमाविषयी आजच लिहिले.

आई आता मेच्या तिसऱ्या आठवड्यातच येईल, म्हणजे लग्नाआधी तिला पाच आठवडे मिळतील. अधिक मासात कार्य नाही, म्हणून तो महिना पूर्ण तिचाच ठेवला आहे. फोनवर तिला कुठे जायचे विचारले, तर ती म्हणाली की तिला निळ्या पाट्या पाहायच्या आहेतच, पण त्याआधी मी रोज ज्या गाडीने कामावर जातो त्या गाडीत बसून माझ्या ऑफिसच्या दारापर्यंत जायचे आहे. कॅलेंडरवर पहिला दिवस तोच लिहिला आहे.

आपला नम्र,
वधूपिता